इमारतीतील विजेचे गणित

वीज ही आपल्या घरातील सर्वांत आज्ञाधारक आणि तितकीच अपरिचित अशी चाकर आहे. बटण दाबताच ती हजर होते, पुन्हा दाबताच निघून जाते. तिच्याविषयी विचार करण्याचे प्रसंग आपल्यावर साधारणतः दोनच येतात : एक महिन्याचे बिल हाती पडल्यावर आणि दुसरा दिवे गेल्यावर. या दोन्ही वेळी आपली मनःस्थिती शास्त्रीय विचाराला फारशी अनुकूल नसते. म्हणून दिवे चालू असताना आणि बिल भरून झालेले असताना, शांतपणे, या विषयाची ओळख करून घ्यावी असे आम्ही योजिले आहे.

इमारतीच्या यंत्रणांचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला पहिल्या काही पाठांत जी मूलतत्त्वे सांगतात, तीच आम्ही येथे मांडणार आहोत. त्यांना लागणारे गणित गुणाकार-भागाकारापलीकडे जात नाही. पण अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड येथील जुन्या इमारतींत राहणाऱ्या माणसांचा जीव या साध्या गणितावर अवलंबून आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे महत्त्व पटेल. या इमारतींपैकी पुष्कळशा दिवे, पंखे आणि रेडिओ यांच्यापुरत्या विजेसाठी बांधल्या गेल्या. आज त्याच घरांत पाणी तापवण्याची, हवा थंड करण्याची, कपडे धुण्याची यंत्रे आली आहेत. कित्येक ठिकाणी भिंतीतील तार मात्र जुनीच आहे. या बदलाचा हिशेब मांडणे हा या लेखाचा मुख्य हेतू होय.

उपनगरातील वीज

मुंबईला मोठ्या प्रमाणावर वीज मिळू लागली ती सह्याद्रीच्या पाण्यापासून. टाटा मंडळींनी लोणावळा-वळवण भागात धरणे बांधून पावसाचे पाणी साठविले आणि ते नळांतून सुमारे ५०० मीटर खाली खोपोलीला सोडून तेथे १९१५ साली जलविद्युत् केंद्र सुरू केले. पुढे १९२२ मध्ये भिवपुरी आणि १९२७ मध्ये भिरा येथील केंद्रे उभी राहिली. प्रथम ही वीज मुख्यतः गिरण्यांकडे गेली. मागोमाग रेल्वेने तिचा स्वीकार केला. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेची पहिली गाडी धावली आणि जानेवारी १९२८ मध्ये पश्चिमेकडील विजेची गाडी बोरिवलीपर्यंत पोचली.

शहरातील घरांना वीज पुरविणारी कंपनी १९०५ साली स्थापन झाली होती. तिचेच पुढे, १९४७ मध्ये, महापालिकेच्या ताब्यात गेल्यावर, 'बेस्ट' झाले. उपनगरांसाठी १९२९ मध्ये 'बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय' ही वेगळी कंपनी निघाली. १९५० आणि १९५७ अशा दोन टप्प्यांत महापालिकेची हद्द दहिसर-मुलुंडपर्यंत वाढली, बेस्टच्या बसगाड्याही उपनगरांत फिरू लागल्या. पण बेस्टची वीज माहीम-शीवच्या पुढे आली नाही. उपनगरी कंपनीचे मालक बदलत गेले आणि २०१८ पासून तिचा कारभार अदानी समूहाकडे आहे. टाटांचीही वीज उपनगरांतील काही ग्राहक घेतात, तर मुलुंड-भांडुपकडे महावितरणचा पुरवठा आहे. बिलावरील नाव कोणतेही असो, तार एकदा आपल्या इमारतीच्या मीटरखोलीत शिरली की पुढचे नियम सर्वांना सारखेच.

या हकीगतीतील एक गोष्ट विद्यार्थ्याला विचारात पाडते. खोपोलीची वीज मुंबईला आणताना तिचा दाब एक लाख व्होल्टच्या आसपास ठेवला होता, आणि आपल्या घरात तो अवघा २३० व्होल्ट असतो. वाटेत इतका प्रचंड दाब कशासाठी? याचे उत्तर मिळाले की घरातील वायरिंगचेही मर्म हाती येते. त्यासाठी आधी तीन राशींची ओळख करून घेऊ.

दाब, प्रवाह आणि रोध

खोपोलीच्या नळांकडेच पुन्हा पाहू. पाणी किती उंचीवरून येते, ही एक गोष्ट. दर क्षणाला किती पाणी येते, ही दुसरी. उंची जास्त तसा खालच्या टोकाला पाण्याचा जोर जास्त. आणि जोर व पाण्याचे मान यांच्या गुणाकारावर चक्राला मिळणारी शक्ती ठरते. विजेतही असेच आहे. उंचीच्या जागी विद्युद्दाब असतो, तो व्होल्टमध्ये मोजतात. पाण्याच्या मानाच्या जागी विद्युत्प्रवाह असतो, तो अँपिअरमध्ये मोजतात. दोहोंचा गुणाकार म्हणजे शक्ती. ती वॉटमध्ये मोजतात. १००० वॉट शक्ती एक तास वापरली की मीटरवर एक युनिट पडते. २००० वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट झाले.

तिसरी राशी रोध. अरुंद नळातून पाणी कमी येते, लांब नळातून आणखी कमी येते. तसेच तार बारीक किंवा लांब असेल तर ती प्रवाहाला अधिक अडविते. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. जर्मन शास्त्रज्ञ ओहम याने १८२७ साली या तिन्हींचा संबंध प्रसिद्ध केला : दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. विद्युत्शास्त्रात हा नियम सर्वांत उपयोगी समजला जातो आणि आमच्या या लेखातील बहुतेक उदाहरणे याच एका भागाकाराची आहेत.

पाण्याची उपमा येथे एका ठिकाणी सोडावी लागते. खोपोलीचे पाणी काम करून झाले की पाताळगंगेच्या वाटेने निघून जाते, त्याला परत डोंगरावर चढावे लागत नाही. वीज मात्र जेथून निघाली तेथे परत गेलीच पाहिजे. तिचा मार्ग हे वर्तुळ असते; ते कोठेही तुटले की सगळाच प्रवाह थांबतो. म्हणून प्रत्येक दिव्याला दोन तारा लागतात : एक येण्याची, तिला फेज म्हणतात, आणि एक परतीची, तिला न्यूट्रल म्हणतात. विजेचे अपघात समजून घेताना 'ती परत कोणत्या वाटेने गेली?' हा प्रश्न विचारायची सवय ठेवली, तर निम्मा उलगडा तेथेच होतो.

दोन अँपिअरपासून वीस अँपिअरपर्यंत

आता हिशेब मांडू. १९६० च्या सुमाराचे दोन खोल्यांचे घर घ्या. साठ वॉटचे चार दिवे, ७५ वॉटचे दोन पंखे आणि ५० वॉटचा रेडिओ. सर्व मिळून ४४० वॉट. २३० ने भागले की प्रवाह दोन अँपिअरहूनही किंचित कमी येतो. आजच्या घरात २००० वॉटचा गिझर, १६०० वॉटचे वातानुकूलन यंत्र, ४०० वॉटचे धुलाई यंत्र, १५० वॉटचा फ्रिज, तीन पंखे, एल.ई.डी. दिवे आणि दूरदर्शन संच ही एकाच वेळी चालू आहेत असे समजा. बेरीज साडेचार हजार वॉटच्या वर जाते आणि प्रवाह सुमारे २० अँपिअर होतो. (मोटरच्या यंत्रांत शक्तिगुणक म्हणून एक बाब असते आणि तिच्यामुळे प्रवाह आणखी थोडा वाढतो, येथे ती आम्ही सोडून देतो.) दिवे काटकसरी झाले हे खरे, पण त्यांनी वाचविले त्याच्या कितीतरी पट गिझरने आणि थंड हवेने घेतले.

हा प्रवाह ज्या तारेतून येतो तिचे काय होते? एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध दर मीटरला सुमारे ०.०१७ ओहम असतो. मीटरपासून घरापर्यंत २० मीटर अंतर आहे आणि तार दीड चौरस मिलिमीटरची आहे असे धरू. जाण्या-येण्याचे मिळून ४० मीटर. रोध झाला सुमारे ०.४६ ओहम. दोन अँपिअर वाहताना या तारेत दाबाची घट एक व्होल्टहूनही कमी होते आणि तार तापण्यात दोन वॉटदेखील खर्च होत नाहीत. २० अँपिअर वाहू लागले की दाब ९ व्होल्टनी घटतो, आणि तारेत निर्माण होणारी उष्णता होते १८४ वॉट.

प्रवाह दहापट झाला तर उष्णता शंभरपट झाली, ही गोष्ट वाचकांनी नीट लक्षात घ्यावी. तारेतील उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तीन जुने दिवे पेटवून भिंतीच्या आत, हवा न लागणाऱ्या नळीत ठेवले, तर जी आच उत्पन्न होईल तेवढी ही आच आहे. तारेवरील साधे प्लास्टिकचे आवरण ७० अंश सेल्सिअसपर्यंत टिकेल अशा बेताने केलेले असते. जुन्या इमारतींतील रबर आणि सुती वेष्टणाच्या तारा, लाकडी पट्टीवर ठोकलेल्या किंवा लाकडी झाकणाखाली दडविलेल्या, त्याहूनही नाजूक. एका दिवसात त्यांना काही होत नाही. दर उन्हाळ्यात आवरण थोडे अधिक कडक होते, मग त्याला भेगा पडतात, आणि एखाद्या वर्षी दोन तारा एकमेकींना भिडतात. म्हणूनच दिव्यांसाठी दीड, साध्या प्लगांसाठी अडीच आणि गिझर व वातानुकूलनासाठी चार चौरस मिलिमीटरची स्वतंत्र तार टाकण्याचा प्रघात पडला आहे. जाड तारेची किंमत वाचविणे म्हणजे भिंतीत शेगडी ठेवणे.

खोपोलीच्या कोड्याचे उत्तरही येथेच मिळते. तीच शक्ती दहापट दाबाने पाठविली तर प्रवाह दहावा हिस्सा पुरतो, आणि वाटेतील नुकसान शंभरावा हिस्सा होते. शेकडो मैल तारा तापवून डोंगरावरचे पाणी वाया घालवायचे नसेल, तर दाब वाढविण्यावाचून गत्यंतर नाही. मुंबईच्या उपनगरी गाड्याही याच कारणास्तव १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावरून २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्यात आल्या. पश्चिम रेल्वेवर हे काम २०१२ मध्ये, तर मध्य रेल्वेवर २०१६ पर्यंत पुरे झाले. घरात मात्र माणसे वावरतात, म्हणून तेथे दाब कमी ठेवतात. आणि त्याची भरपाई जाड तारेने करावी लागते.

सांध्यातील आच

तार जाड असली तरी तिचे टोक जेथे स्क्रूखाली जाते, तेथे काय स्थिती आहे हे पाहावे लागते. सैल किंवा गंजलेल्या सांध्याचा रोध समजा ०.२ ओहम आहे. गिझरचे ९ अँपिअर त्यातून गेले की तेथे १६ वॉट उष्णता उत्पन्न होते. आकडा लहान दिसतो, परंतु ही सर्व आच तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत साठते. प्लगची पिन काळी पडते, बटण पिवळे होते, जळक्या बेकेलाइटचा वास येतो. समुद्राच्या खाऱ्या, दमट हवेत धातू लवकर गंजतो; आणि ॲल्युमिनियमच्या जुन्या तारा असतील तर त्यांच्यावर न वाहणारा थर चढून सांधे आणखी बिघडतात.

या दोषाचे विशेष असे की, यात प्रवाह वाढलेला नसतो. त्यामुळे फ्यूज वितळत नाही आणि कोणतेही स्वयंचलित बटण पडत नाही. हा दोष ओळखणारी साधने दोनच, आपले नाक आणि आपला डोळा. काळवंडलेला प्लग पुसून पुन्हा वापरणाऱ्या गृहस्थाला आणि गृहिणीला आमची विनंती अशी की, तो प्लग आणि त्याचा सॉकेट दोन्ही त्याच दिवशी बदलून घ्यावेत.

समांतर जोडणी आणि मोठी इमारत

घरातील सर्व उपकरणे समांतर जोडलेली असतात, म्हणजे प्रत्येकाला फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये आपापली स्वतंत्र वाट असते. अंधेरी स्टेशनवर तिकिटाची एक खिडकी उघडी असताना आत सुटणारी माणसे मोजकी असतात. पाच खिडक्या उघडल्या की पाचपट माणसे फलाटावर येतात. तसेच एकेक उपकरण लावत गेले की एकूण रोध घटतो आणि मुख्य तारेतील प्रवाह वाढतो. एकाच सॉकेटला तीन-तीन फाटे फोडणारे साधन म्हणजे या नवीन खिडक्याच. जिना मात्र तेवढाच राहतो.

इमारतीच्या दारातील किंवा गल्लीतील उपकेंद्रात ११,००० व्होल्टचा पुरवठा रोहित्राने खाली आणतात. तेथून तीन फेज आणि एक न्यूट्रल अशा चार तारा निघतात. कोणत्याही दोन फेजांमध्ये ४०० व्होल्ट असतात, तर एका फेजमध्ये आणि न्यूट्रलमध्ये २३०. लिफ्ट व पाण्याचा पंप तिन्ही फेजांवर चालतात आणि घरे तिन्हींत वाटून दिलेली असतात. 'शेजाऱ्याकडे लाईट आहेत, आमच्याकडे नाहीत,' याचे कारण बहुधा एवढेच असते की त्यांचा फेज निराळा.

चाळीस बिऱ्हाडांच्या इमारतीत प्रत्येकी २० अँपिअर धरले तर ८०० अँपिअर होतात. इतका प्रवाह धरून कोणी मुख्य तारा टाकीत नाही. सर्वजण सर्व यंत्रे एकाच क्षणी लावणार नाहीत, असे धरून अभियंता हा आकडा बराच खाली आणतो. पूर्वी हा अंदाज चांगला जमत असे, कारण एकाकडे इस्त्री चालू असे तेव्हा दुसरा कचेरीत असे. पण मे महिन्यातील रात्री अकरा वाजताची स्थिती पाहा. सारी इमारत घरी आहे आणि बहुतेक घरांतील वातानुकूलन यंत्रे एकदमच चालू आहेत. माणसांच्या सवयी निरनिराळ्या असतात या गृहीतावर मुख्य तारांची जाडी ठरली होती; उकाड्याने त्या सवयी एकसारख्या केल्या. म्हणून नवे मोठे यंत्र बसविताना वीज कंपनीकडून मंजूर भार वाढवून घेणे आणि सोसायटीला तसे कळविणे, हा नुसता कागदी उपचार समजू नये. त्या आकड्यांच्या बेरजेवरच मुख्य तारा बदलण्याची वेळ आली की नाही, हे कळू शकते.

तुटलेला न्यूट्रल

मोठ्या इमारतींत कधीकधी एक विचित्र प्रकार घडतो. काही घरांतील दिवे एकाएकी लख्ख होतात, दूरदर्शन संच आणि फ्रिज जळतात. त्याच वेळी इतर घरांतील दिवे मंद होतात. लोक म्हणतात, 'वरून जास्त वीज आली.' वस्तुतः वरून काहीच जास्त आलेले नसते. मीटरखोलीतील न्यूट्रलचा सांधा सुटलेला असतो.

असे झाले की परतीची वाट बंद होते. तेव्हा एका फेजवरील घराचा प्रवाह दुसऱ्या फेजवरील घरातून वाट काढतो, आणि ती दोन घरे ४०० व्होल्टच्या दाबावर एकापुढे एक, साखळीत, जोडली जातात. एका घरात गिझर चालू आहे, त्याचा रोध सुमारे २५ ओहम. दुसऱ्यात पंखा आणि दूरदर्शन संच, त्यांचा मिळून २५० ओहम. साखळीत दाबाची वाटणी रोधाच्या प्रमाणात होते. म्हणजे गिझरच्या वाट्याला ३६ व्होल्ट येतात आणि बिचाऱ्या दूरदर्शन संचावर ३६४. ज्याने वीज कमी वापरली त्याचेच नुकसान अधिक! न्यूट्रलची तार 'थंड' म्हणून तिची आबाळ करणाऱ्यांनी हे उदाहरण जवळ ठेवावे. मीटरखोलीतील न्यूट्रलचे सांधे वर्षातून एकदा घट्ट करून घ्यायला जो खर्च येतो, तो एका फ्रिजच्या किमतीपुढे काहीच नाही.

फ्यूज कोणाचा रक्षक

फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की ती आधी वितळते आणि भिंतीतील तार वाचते. चिनीमातीच्या जुन्या फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार गुंडाळून 'आता जात नाही' म्हणून समाधान मानणारा मनुष्य पहारेकऱ्याला बांधून घालून निश्चिंत झोपत असतो. आता फ्यूजच्या जागी एम.सी.बी. हे छोटे स्वयंचलित बटण आले आहे. त्याचे काम तेच. फक्त ते अधिक चपळ असते आणि पुन्हा वर करता येते.

परंतु ही दोन्ही साधने तारेचे रक्षण करतात. माणसाचे रक्षण करण्याची शक्ती त्यांच्यात नाही. हे कसे, ते पाहू. अंग ओले असताना माणसाच्या शरीराचा रोध सुमारे एक हजार ओहम धरतात. २३० ला हजाराने भागले की प्रवाह ०.२३ अँपिअर आला. सहा अँपिअरच्या एम.सी.बी.ला एवढा प्रवाह म्हणजे एखादा दिवा लावल्यासारखा वाटतो. ते जागचे हलत नाही. आणि छातीतून त्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा प्रवाह काही क्षण गेला तरी हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो. 'घरात फ्यूज आहे, मग भीती कसली?' या प्रश्नाचे उत्तर या भागाकारात आहे.

जमिनीची वाट

माणसाच्या रक्षणाची पहिली व्यवस्था अर्थिंगची. तीन पिनांच्या प्लगमधील वरची पिन जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की, प्लग घालताना तिचा संबंध सर्वांत आधी जुळावा आणि काढताना सर्वांत शेवटी तुटावा. ती उपकरणाच्या धातूच्या अंगाला जमिनीशी जोडते. गिझरच्या आतील फेजची तार सुटून त्याच्या टाकीला लागली आणि परतीच्या वाटेचा एकूण रोध एक ओहम असला, तर २३० अँपिअर वाहतात आणि एम.सी.बी. तत्क्षणी पडते. कोणी हात लावण्यापूर्वीच दोष उघडकीला येतो.

आता दुसरी स्थिती घ्या. आवारातील अर्थिंगचा खड्डा कित्येक वर्षे कोणी पाहिलेला नाही. त्यातील कोळसा-मिठाचे थर धुपून गेले आहेत, माती सुकली आहे, पट्टी गंजली आहे, आणि वाटेचा रोध ५० ओहम झाला आहे. प्रवाह वाहील फक्त ४.६ अँपिअर. सोळा अँपिअरचे एम.सी.बी. स्वस्थ बसेल, आणि गिझरच्या टाकीवर जवळजवळ पूर्ण दाब तसाच राहील. अर्थिंगची तार दिसते, पण अर्थिंग नाही, अशी ही अवस्था होय.

जुन्या इमारतींत याचे आणखी एक कारण आढळते. पूर्वी कित्येक ठिकाणी अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधून टाकीत. नळ जमिनीतून येत असल्यामुळे ती कशीबशी चालून जाई. पुढे गंजलेले नळ काढून प्लास्टिकचे बसविले गेले. प्लंबरने आपले काम चोख केले. पण त्याच दिवशी साऱ्या मजल्यांची अर्थिंग नाहीशी झाली, आणि तिचे कोणाला भानही राहिले नाही. इमारतीतील एका यंत्रणेची दुरुस्ती दुसरीच्या मुळावर कशी येते, हे शिकण्यासाठी विद्यार्थ्याला याहून चांगले उदाहरण मिळणार नाही.

दुसरी व्यवस्था आर.सी.सी.बी. या साधनाची. 'वीज परत गेलीच पाहिजे' हे जे तत्त्व आपण आरंभी पाहिले, त्यावरच ते चालते. घराच्या फेजची आणि न्यूट्रलची तार एका लोहकड्यातून नेलेली असते. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखे असतील तर त्यांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना मारतात आणि कडे शांत राहते. त्यांत तफावत पडली, म्हणजे काही प्रवाह भिंतीतून, नळातून किंवा माणसाच्या अंगातून जमिनीकडे गेला, तर कड्याला ते समजते. तफावत ३० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०३ अँपिअर, होताच सेकंदाच्या अल्प अंशात ते पुरवठा तोडते. आपण वर काढलेला ओल्या माणसाचा प्रवाह याच्या सातपटीहून अधिक आहे, हे लक्षात घ्यावे. माणसाला धक्का बसेल, पण बहुधा जीव वाचेल. मात्र कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहून कोणी एका हाताने फेज आणि दुसऱ्याने न्यूट्रल धरली, तर हे साधनही फसते, कारण तो मनुष्य त्याला एखाद्या दिव्यासारखाच दिसतो.

पावसाळ्यापूर्वी

वसंतातील या व्याख्यानांचा काळ आमच्या विषयाला सोयीचा आहे. एप्रिल-मेमध्ये जमीन सर्वांत कोरडी असते, म्हणून अर्थिंगचा रोध वर्षातील सर्वाधिक असतो. तो मोजायचा तो आताच. जूनमध्ये पाऊस लागला की भिंती ओल धरतात, भेगाळलेल्या आवरणांतून प्रवाह झिरपू लागतो आणि आर.सी.सी.बी. वारंवार पडू लागते. अशा वेळी 'ते सारखे पडते, काढून सरळ जोडून द्या,' असे वायरमनला सांगण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने वरवर शांतता होते. पण भिंतीतील गळती तशीच राहते, आणि तिची वार्ता देणारा एकमेव साक्षीदार नाहीसा होतो. मग पुढील वार्ता ओल्या हाताने बटणाला शिवणाऱ्या माणसालाच मिळते. खरा उपाय असा की, एकेक शाखा सोडवून मेगर यंत्राने आवरणाचा रोध मोजावा. तो दहा लाख ओहमांच्या खाली आला असेल, तर ती शाखा बदलण्यास काढावी.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या वेळी सखल भागांतील तळमजल्याच्या मीटरखोल्या पाण्यात गेल्या आणि उपनगरांतील पुष्कळ वस्त्या अंधारात राहिल्या. पाणी शिरलेल्या मीटरखोलीत वीज कोणत्या वाटेने परत जाईल, हे मोठा अभियंताही सांगू शकत नाही. तेथे पाऊल न घालता कंपनीला पुरवठा तोडायला सांगणे एवढेच करावे. ज्या इमारतींचा पुनर्विकास होत आहे, त्यांच्या रहिवाशांनी दिवाणखान्याच्या आकाराबरोबर मीटरखोलीची उंचीही नकाशावर पाहून घ्यावी. आणि ज्या सोसायट्यांत ही खोली जुन्या सायकली, रद्दी आणि रंगाचे डबे ठेवण्याची जागा झाली आहे, त्यांनी ती या आठवड्यातच मोकळी करावी.

वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावयाचे असते आणि ते त्यालाच करू द्यावे. पण काय करावयाचे, हे विचारण्याचा अधिकार प्रत्येक रहिवाशाचा आहे. आमच्या घरी येणारी तार किती चौरस मिलिमीटरची आहे? अर्थिंगचा रोध शेवटी कधी मोजला आणि किती आला? न्यूट्रलचे सांधे कोणी आणि केव्हा तपासले? आर.सी.सी.बी. आहे काय? असल्यास तिच्यावरील परीक्षेचे छोटे बटण दाबून पाहिले काय? ते दाबताच पुरवठा तुटला पाहिजे; न तुटल्यास ते साधन निव्वळ शोभेचे झाले आहे असे समजावे. सोसायटीच्या पुढील सभेत रंगकामाच्या खर्चावर जितका वेळ चर्चा होईल, त्याच्या पावपट वेळ या चार प्रश्नांना दिला आणि त्यांची उत्तरे इतिवृत्तात आकड्यांनिशी नोंदविली, तर येत्या पावसाळ्यात त्या इमारतीतील मुलेबाळे अधिक सुरक्षित राहतील.